निळा खडू

बाईंनी खडू आणायला पाठवलं म्हणून मी आहे.
कारण एवढंच. त्यात पुण्याईबिण्याई काही नाही.
फळ्याखालची डबी रिकामी होती
आणि पहिल्या बाकावर दाराशी मी बसले होते.
पटांगणापलीकडे शिपायाची खोली.
दोन पांढरे, एक निळा घेऊन वळले
तर शाळेच्या जागी धूळ उभी,
शाळेच्याच उंचीची.
मग तीही खाली बसली.

तातुल तिसऱ्या मजल्यावर, सहावीत.
आई मोज्यांच्या कारखान्यात, सकाळपाळी.
चौकातलं घड्याळ थांबलं, चर्चचं थांबलं,
बाबांच्या मनगटावरचं चालत राहिलं.
त्यांनी ते काढून खिशात टाकलं
आणि पुढे कधी कुणाला वेळ सांगितली नाही.

आम्हांला डबा मिळाला, मालगाडीचा, चाकं काढलेला.
अख्खं लेनिनाकान अशा डब्यांत राहायला आलं होतं,
कुठेच न जाणारी लांबच लांब गाडी.
दोन वर्षांपुरता, असं कागदावर होतं.
‘तात्पुरतं’ हा शब्द मी त्या डब्यात शिकले,
आधी स्पेलिंग,
अर्थ खूप नंतर.

पहिला बर्फ वितळला तेव्हा बाबा म्हणाले,
अर्पिने, खडू आहे ना तुझ्याकडे?
मला वाटायचं, कुणालाच माहीत नाही.
निळा माझ्या उशीच्या अभ्र्यात होता.
त्यांनी पत्र्यावर आडवी रेघ ओढली,
टेप न लावता, स्वतःच्या छातीशी हात नेऊन,
तातुलचं डोकं जिथे टेकायचं तिथे.
सातेनिक आत्या भांडी घासता घासता म्हणाली,
जरा वर घे, भोवऱ्यापाशी केस उभे असायचे त्याचे.
त्यांनी घेतली. बोटभर.

त्या रात्री मी मोज्याचा धागा उसवला
आणि जमिनीपासून रेघेपर्यंत मोजून गाठ मारली.
का, ते सांगता यायचं नाही. सात वर्षांची होते.

मग दिवे नसलेले हिवाळे आले.
बाकं जळली, कपाटं जळली,
शेजारच्या वार्दुहीने पियानो जाळला;
तारा उरल्या, त्यांवर ती लंगोट वाळत घालायची.
आमच्या पत्र्याला आतून पाणी सुटायचं,
रेघ ओघळून जायची
आणि दर मार्चला पुन्हा दिसायची.
ओढताना मी कुणालाच पाहिलं नाही.
मी वाढत होते, कोपरं बाहेर, पाय खाटेबाहेर,
आणि तरी ती रेघ दरवर्षी माझ्याहून चार बोटं वर.
मोठा भाऊ आहे, असणारच, असं वाटायचं.

चौदाव्या वर्षी धागा सापडला, औषधांच्या डब्यात.
एक टोक टाचेखाली धरलं, दुसरं वर ताणलं.
गाठ माझ्या खांद्याशी आली.
म्हणजे इतकी वर्षं घरात कुणीतरी
तातुलला वाढवत होतं.

मी बोलले नाही. बाबांकडे पाहिलं नाही,
आत्याकडेही नाही.
सूप प्यायले, जास्तीचं मीठ घातलं.

पुढच्या मार्चला सगळ्यांच्या आधी उठले.
नखाएवढा निळा उरला होता.
गाठीवर रेघ ओढली. खाली, माझ्या बाहीपाशी.
केवढासा होता तो!
त्याच्या हाताला धरून मी रस्ता ओलांडायचे.

बाबा उठले, बराच वेळ पत्र्याकडे पाहत राहिले.
मग खिसे चाचपले, पेन्सिल काढली, सुताराची, लाल,
आणि म्हणाले, उभी राहा.
टाचा टेकव. लबाडी नको.

डोमिक मोडायला माणूस आला
तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.
आत काही राहिलंय का, त्याने विचारलं.
मी नाही म्हणाले.
पत्रा किलोवर गेला,
रेघांसकट.